नाक, जनुक आणि माणसाची पारख

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दरवर्षी एक व्याख्यान विज्ञानावर ठेवायचं, हा समितीचा निर्णय मला मनापासून आवडला. यंदा ते काम माझ्याकडे आलं. विषय ऐकून काही जणांनी विचारलं, "सर, नाकावर तासभर काय बोलणार?" तर मी आज एका नाकाविषयी नाही, नाकातल्या एका जनुकाविषयी बोलणार आहे. जनुक इतकं लहान की डोळ्याला दिसत नाही. पण माणूस माणसाला जवळ का करतो आणि दूर का ठेवतो, या प्रश्नापर्यंत ते आपल्याला घेऊन जातं. म्हणून तासभर लागला तरी हरकत नाही.

सुरुवात घरातूनच करू. तव्यावर सुका बोंबील पडला की एका घरात कुणाच्या तोंडाला पाणी सुटतं, तर कुणी नाकाला पदर लावून बाहेर ओट्यावर जाऊन बसतं. आमटीवर कोथिंबीर भुरभुरली तर एक पोरगं आवडीने खातं, आणि त्याच ताटाशेजारी बसलेलं दुसरं एकेक पान वेचून बाजूला काढतं. आई म्हणते, "नखरे आहेत नुसते!" आजी म्हणते, "लाडावून ठेवलंय." एकच आई, एकच बाप, एकच चूल. मग हा फरक आला कुठून? नखरे म्हणून सोडून द्यावं, की यामागे काही खरं कारण आहे?

कारण आहे. पण ते समजण्यासाठी आधी वास येतो म्हणजे काय होतं, ते थोडक्यात बघू.

कोणत्याही वासाच्या वस्तूतून अतिशय बारीक कण, म्हणजे रेणू, हवेत उडत असतात. श्वासाबरोबर ते नाकात शिरतात. नाकाच्या पोकळीत अगदी वर, दोन डोळ्यांच्या मधल्या बाजूला, टपाल तिकिटाएवढी त्वचेची ओलसर पट्टी असते. त्या पट्टीत लाखो गंधपेशी असतात. प्रत्येक पेशीच्या टोकाला केसासारखे तंतू असतात आणि त्या तंतूंवर गंधग्राही नावाची प्रथिने बसलेली असतात. गंधग्राही म्हणजे गंध धरणारा. त्याला कुलूप समजा आणि हवेतून आलेल्या रेणूला किल्ली. किल्ली कुलपात बसली की पेशी जागी होते आणि मेंदूला तार करते. ही तार नाकाच्या छतावरच्या चाळणीसारख्या हाडाच्या भोकांतून मेंदूत पोहोचते. मग आपण म्हणतो, "अगं, फोडणी करपली वाटतं!"

आता एक गंमत बघा. एका गंधपेशीवर साधारणपणे एकाच प्रकारचे कुलूप असते. पण एक किल्ली अनेक कुलपांना थोडीथोडी लागते, आणि एक कुलूप अनेक किल्ल्यांनी उघडते. कोणती कुलपे एकदम उघडली, यावरून मेंदू वास ओळखतो. आपल्या मराठीची मुळाक्षरे पन्नासच्या आसपास, पण त्यांच्या जुळणीतून किती शब्द होतात! नाकाचंही तसंच आहे. माणसाकडे गंधग्राहींचे साधारण ४०० प्रकार आहेत. या चारशे अक्षरांतून नाक हजारो वासांचे शब्द बनवते.

ही कुलपे बनवायची कशी, याची कृती कुठे लिहिलेली असते? ती जनुकात. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांतली एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. त्या गुणसूत्रांवर, चार अक्षरांच्या लिपीत, शरीरातल्या प्रथिनांच्या कृती लिहिलेल्या असतात. एका प्रथिनाची कृती म्हणजे एक जनुक. माणसाकडे प्रथिने बनवणारी जनुके साधारण २०,००० आहेत. त्यांतली सुमारे ४०० एकट्या वासासाठी! म्हणजे निसर्गाने दर पन्नास जनुकांमागे एक नाकाला दिले आहे. डोळ्याला रंग ओळखायला तीन प्रकारचे ग्राही पुरतात. आणि आपण मात्र नाकाला कमी समजतो.

गंधग्राहींच्या या जनुकांचा शोध अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या दोघांनी लावला. त्यांचा शोधनिबंध १९९१ साली प्रसिद्ध झाला. प्रयोग उंदरांच्या जातीच्या घुशींवर झाला होता. पुढे २००४ साली या दोघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इथे बसलेल्या मुलींनी लिंडा बक हे नाव वहीत लिहून ठेवावं.

उंदराकडे अशी हजाराहून जास्त चालू जनुके आहेत. आफ्रिकी हत्तीकडे तर जवळपास २,०००. माणसाकडे ४०० चालू, आणि त्याहून काहीशी जास्तच बंद पडलेली. बंद पडलेली म्हणजे कृती लिहिलेली आहे, पण मधली अक्षरे पुसली गेल्यामुळे तिच्यावरून प्रथिन बनत नाही. आणि मुख्य गोष्ट अशी की कोणाचे कोणते जनुक चालू, कोणाचे अर्धवट चालू, कोणाचे बंद, हे माणसागणिक वेगळे असते. इथे या सभागृहात जेवढी माणसं बसली आहेत, जवळपास तेवढ्या प्रकारची नाकं आहेत. बाहेरून नाही, आतून.

आता आजच्या मुख्य जनुकाकडे येतो. त्याचे नाव आहे ओआर७डी४. नावाला घाबरू नका. 'ओआर' म्हणजे इंग्रजी 'ऑलफॅक्टरी रिसेप्टर', आपला गंधग्राही. पुढचे आकडे आणि अक्षर म्हणजे कुटुंब आणि घर क्रमांक, आपल्या चाळीत खोली नंबर असतो तसा. हे जनुक १९व्या गुणसूत्रावर बसलेले आहे. त्यावरून बनणारे प्रथिन ३१२ मण्यांच्या माळेसारखे असते. हे मणी म्हणजे ॲमिनो आम्ले. ही माळ पेशीच्या आवरणातून सात वेळा आतबाहेर ओवलेली असते, जशी शिवणाची दोरी कापडातून जाते.

या कुलपाची किल्ली कोणती? ॲन्ड्रोस्टेनोन नावाचे एक द्रव्य. ते नर डुकराच्या लाळेत आणि चरबीत भरपूर असते. माजावर आलेली डुकरीण त्या वासाने जागच्या जागी स्थिर उभी राहते. म्हणून परदेशातल्या वराहपालन केंद्रांत हे द्रव्य फवाऱ्याच्या डब्यात भरून वापरतात. आणि हेच द्रव्य थोड्या प्रमाणात माणसाच्या घामातही असते, पुरुषांत जरा जास्त, स्त्रियांत कमी.

या ॲन्ड्रोस्टेनोनविषयी शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून एक कोडं पडलं होतं. एकाच बाटलीतलं द्रव्य दहा जणांना हुंगायला दिलं तर कुणी तोंड वाकडं करून म्हणतो, "शी, लघवीचा वास!" कुणी म्हणतो, "घामट आहे." कुणी म्हणतो, "छान आहे की, गोडसर, व्हॅनिलासारखा, फुलासारखा." आणि कुणी बाटली परत देत म्हणतो, "यात काहीच नाही, रिकामी आहे." कुणी खोटं बोलत नव्हतं. बाटली तीच होती.

हे कोडं २००७ साली सुटलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या लेस्ली व्होशॉल आणि आन्द्रेआस केलर, आणि ड्यूक विद्यापीठातले हिरोआकी मात्सुनामी व त्यांचे सहकारी यांनी दोन बाजूंनी काम केलं. मात्सुनामींच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये माणसाचे एकेक गंधग्राही बसवून बघितले. तीनशेहून अधिक कुलपे तपासली. त्यांत ॲन्ड्रोस्टेनोनच्या किल्लीला सर्वांत जोरात दाद दिली ती ओआर७डी४ ने. दुसरीकडे न्यूयॉर्कमध्ये सुमारे चारशे स्वयंसेवकांना निरनिराळे वास हुंगायला देऊन त्यांची मते लिहून घेतली आणि त्यांच्या रक्तातून हे जनुक वाचले.

काय सापडलं? या जनुकाची दोन रूपे लोकांमध्ये सामान्यपणे आढळतात. ३१२ मण्यांपैकी फक्त दोन मणी वेगळे, ८८ वा आणि १३३ वा. जनुकाच्या लिपीत बघाल तर नऊशेच्या वर अक्षरांत फक्त दोन अक्षरांचा फरक. पहिल्या रूपाला शास्त्रज्ञ 'आरटी' म्हणतात, दुसऱ्याला 'डब्ल्यूएम'. आरटी रूपाचे कुलूप ॲन्ड्रोस्टेनोनने झटकन उघडते. डब्ल्यूएम रूपाचे कुलूप जाम बसल्यासारखे असते. आई आणि बाप दोघांकडून आरटी मिळालेल्या माणसांना तो वास तीव्र आणि बहुतेक वेळा वाईट लागला. ज्यांच्याकडे डब्ल्यूएम होते त्यांना तो कमी जाणवला, आणि कमी वाईट वाटला. दोन अक्षरे बदलली आणि "शी" चे "छान" झाले!

आता हे घराघरात कसे वाटले जाते बघा. समजा आईकडे एक आरटी आणि एक डब्ल्यूएम, आणि बापाकडेही तसेच. त्यांची मुले प्रत्येकाकडून एकेक प्रत घेणार. कोणाच्या वाट्याला दोन्ही आरटी, कोणाच्या दोन्ही डब्ल्यूएम, कोणाच्या एक-एक. म्हणजे एका पंगतीला बसलेल्या सख्ख्या भावंडांची नाके तीन प्रकारची असू शकतात. जे फरक आपण जातीजातींत, धर्माधर्मांत, प्रांताप्रांतांत शोधत बसतो, ते एका आईच्या पोटी जन्मलेल्या दोन भावांत सापडतात.

पुढे २०१५ साली अलास्का विद्यापीठातल्या कारा हूवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जनुकाचा जगभराचा हिशोब मांडला. ४३ मानवसमूहांतल्या २,२०० हून अधिक लोकांचे हे जनुक त्यांनी तपासले. कुठे एक रूप जास्त, कुठे दुसरे. आफ्रिकेतल्या समूहांत वास ओळखणारे मूळ रूप अधिक, उत्तरेकडच्या अनेक समूहांत ते तुलनेने कमी. प्रमाण बदलतं, पण जनुक सगळ्यांचं एकच. त्याला उच्च-नीच काही माहीत नाही.

मित्रहो, आता घामाविषयी बोलतो. कारण इथे विज्ञानाचा धागा आपल्या जगण्याला येऊन मिळतो.

ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो, हे किती जणांना माहीत आहे? काखेतल्या ग्रंथींमधून जो घाम येतो तो कातडीवरच्या सूक्ष्म जंतूंचे खाद्य असतो. ते जंतू त्याचे तुकडे करतात आणि त्या तुकड्यांना वास येतो. हे जंतू प्रत्येकाच्या अंगावर असतात. हमालाच्या अंगावर असतात तसेच हमालाला पैसे देणाऱ्याच्याही अंगावर असतात. फरक एवढाच की एक जण बारा तास उन्हात असतो आणि दुसरा पंख्याखाली. एकाच्या घरी नळाला चोवीस तास पाणी, दुसऱ्याच्या वस्तीत सकाळी अर्धा तास. घामाच्या वासामागे जंतू असतात, काम असते आणि पाण्याची टंचाई असते. त्यात जन्म कुठे आला?

पण आपल्या समाजात काय झालं? ज्यांनी गावची मेलेली ढोरं ओढली, ज्यांनी कातडी कमावली, ज्यांनी शहराची गटारं साफ केली, त्यांच्या कामाला येणारा वास त्यांच्या जन्माला चिकटवला गेला. आधी माणसाला घाणीचं काम द्यायचं, मग त्याच्याजवळ पाणवठा येऊ द्यायचा नाही, आणि मग नाक मुरडून म्हणायचं, "यांना वास येतो." आजसुद्धा भाड्याने खोली बघायला गेलं की "तुम्ही सुकट-बोंबील करता का?" असा गोड आवाजात प्रश्न येतो. प्रश्न मासळीचा असतो, चौकशी वेगळ्याच गोष्टीची असते. इथल्या कित्येक ताईंना हे सांगायला नको.

आता ओआर७डी४ या सगळ्याला काय उत्तर देतं, ते बघा. जो म्हणतो, "त्याच्या घामाला घाण वास येतो," त्याच्या वाक्यात अर्धी माहिती स्वतःच्या नाकाची आहे. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याला तोच घाम कदाचित जाणवणारही नाही. तिसऱ्याला त्यातला काही भाग गोडसर लागेल. मग तो वास कुठे आहे? घामात आहे, की हुंगणाऱ्याच्या १९व्या गुणसूत्रावर आहे? उत्तर असं की दोन्हीकडे आहे. रेणू घामात आहे, घाण हुंगणाऱ्याकडे आहे. म्हणून वासावरून माणसाची पारख करणारा माणूस आपल्याच नाकाची पारख सांगत असतो.

आणि नाकावरून माणसाची प्रत ठरवण्याचा उद्योग या देशात खरोखरच झाला आहे. ब्रिटिशांच्या काळात हर्बर्ट रिस्ले नावाचा अधिकारी होता. १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त होता. त्याने लोकांच्या नाकांची रुंदी आणि उंची मोजून घेतली. जेवढे नाक अरुंद तेवढी जात वरची, जेवढे रुंद तेवढी खालची, असा त्याने सिद्धान्त मांडला. म्हणजे जातीच्या शिडीला मोजपट्टीचा आधार दिला. या मोजपट्टीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मोजपट्टीनेच उत्तर दिलं. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतल्या जातींच्या नाकांची मापेच पुढे ठेवली आणि दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापे दोघांना वेगळ्या वंशाचे ठरवत नाहीत. अस्पृश्यतेला वंशाचा आधार नाही. हे काम बाबासाहेबांनी भावनेने केले नाही, आकड्यांनी केले. आपणही विज्ञान याच रीतीने वाचावे.

आता सभेतला एखादा चौकस तरुण उठून विचारेल, "सर, तुम्ही तर म्हणता नाक जन्माने ठरतं. दोन अक्षरं आईबापांकडून आली की वास ठरला. मग हे नवं प्रारब्धच झालं की! आधी कपाळावर लिहिलेलं होतं, आता जनुकात लिहिलेलं आहे."

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर देण्यासाठी दोन प्रयोग सांगतो.

पहिला प्रयोग १९८९ सालचा. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात मोनेल नावाची संशोधन संस्था आहे. तिथे चार्ल्स वायसॉकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲन्ड्रोस्टेनोनचा वासच येत नाही असे वीस जण घेतले. त्यांना ते द्रव्य दिवसातून तीन वेळा, तीन-तीन मिनिटे, असे सहा आठवडे हुंगायला लावले. वीस जणांपैकी दहा जणांना तो वास येऊ लागला! नाकातल्या गंधपेशी आयुष्यभर झिजतात आणि नव्या तयार होतात, हे तुम्हाला सांगायला हवं. सरावाने नाक शिकतं. २००७ च्या संशोधनातही ओआर७डी४ ने लोकांमधल्या फरकाचा काही भागच उलगडला, सगळा नाही.

दुसरा प्रयोग आपल्या कोथिंबिरीचा. काही लोकांना कोथिंबिरीला साबणाचा वास येतो. हे खरं आहे, कल्पना नाही. कोथिंबिरीच्या पानात अल्डिहाइड नावाच्या वर्गातली द्रव्ये असतात, आणि त्याच वर्गातली द्रव्ये साबणातही आढळतात. ढेकूण चिरडल्यावर येणाऱ्या वासातही त्यांचीच भावंडे असतात. जुन्या चाळीत लाकडी खाटेवर झोपलेल्या मंडळींना तो वास आठवत असेल! २०१२ साली ट्वेंटी-थ्री अँड मी या अमेरिकन कंपनीच्या संशोधकांनी युरोपीय वंशाच्या हजारो लोकांना विचारलं, "कोथिंबिरीला साबणाची चव लागते का?" उत्तरे आणि जनुके ताडून पाहिली. ११व्या गुणसूत्रावर गंधग्राही जनुकांचा एक घोळका आहे, तिथल्या एका अक्षराशी संबंध दिसला. त्या घोळक्यात ओआर६ए२ नावाचे जनुक आहे, आणि ते अल्डिहाइडांना दाद देणारे आहे. संशय त्याच्यावरच आहे.

वर्तमानपत्रांनी लगेच मथळे दिले, कोथिंबिरीचे जनुक सापडले! पण निबंधातच पुढे लिहिलं होतं की या नावडीतला जनुकांनी समजावता येणारा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी आहे. मग बाकीचा नव्वद टक्के कशाचा? लहानपणापासून काय खाल्लं, कोणाच्या हातचं खाल्लं, किती वेळा खाल्लं, यांचा त्यात मोठा हात असणार. त्याच वर्षी कॅनडातल्या टोरांटो शहरात सोळाशेच्या वर तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. कोथिंबीर न आवडणारे पूर्व आशियाई वंशाच्या तरुणांत २१ टक्के, युरोपीय वंशाच्या १७ टक्के, आणि आपल्या दक्षिण आशियाई वंशाच्या ७ टक्के निघाले. ज्यांच्या ताटात कोथिंबीर रोजची, त्यांच्यात ती नावडणारे कमी. पण आपल्यातही सात टक्के आहेतच. म्हणजे शंभर पोरांत सात. तेव्हा पान वेचून काढणारं पोरगं तुमच्या घरात असेल तर ते त्या सातांतलं एक असू शकतं.

म्हणजे सार काय? एक जनुक असं की ज्याचा जोर बराच दिसतो, तरी सरावापुढे ते नमतं. दुसरं असं की ज्याचा गाजावाजा मोठा आणि वाटा लहान. जनुक म्हणजे बियाणं. माती, पाणी आणि मशागत यांचा हिशोब वेगळा असतो. "जन्मानेच ठरलं आहे" असं जनुकाच्या नावाने कोणी सांगू लागला, तर त्याला विचारा, "किती टक्के?" हा प्रश्न आपल्या मुलांनी शिकला पाहिजे. कोणाची हुशारी, कोणाचा गुन्हा, कोणाची लायकी जनुकाने ठरते असे म्हणणारे पुढेही येतील. जिथे कोथिंबिरीच्या पानाचा हिशोब एका जनुकाने पुरा होत नाही, तिथे माणसाच्या लायकीचा काय होणार!

आपण विहारात बसलो आहोत म्हणून एक गोष्ट सांगून पुढे जातो. मज्झिम निकायातल्या मधुपिंडिक सुत्तात सांगितलं आहे की नाक आणि गंध यांच्यामुळे गंधाची जाणीव उत्पन्न होते. तिघे एकत्र आले की स्पर्श, स्पर्शातून सुखद-दुःखद वेदना, वेदनेतून ओळख, ओळखीतून विचार, आणि विचारातून मनाचा पसारा वाढत जातो. याचा अर्थ बुद्धांना जनुके माहीत होती असा कोणी काढू नये. असे ओढूनताणून जुळवणे आपले काम नाही. पण वास ही वस्तूत बसलेली गोष्ट नसून दोघांच्या भेटीतून घडते, आणि त्या भेटीपासून निवाड्यापर्यंत मनाच्या बऱ्याच पायऱ्या असतात, एवढे त्यात स्पष्ट आहे. नाकाला लागलेला वास आपल्या हातात नसतो. त्यानंतर आपण त्या माणसाशी कसं वागतो, ते मात्र आपल्या हातात असतं.

शेवटी, घरी गेल्यावर करण्यासारख्या तीन-चार गोष्टी सांगतो.

पहिली, ताटावर बसलेल्या मुलाला वासावरून मारू नका, चिडवू नका. त्याला खरंच तसा वास येत असेल. पण नाद सोडूही नका. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्या. कोथिंबिरीची पानं तशीच घालण्याऐवजी वाटून चटणी करा. पानं ठेचली की त्यातलीच विकरे त्या अल्डिहाइडांचे रूपांतर करू लागतात आणि उग्रपणा उतरतो. धण्याचा वास तर निराळ्याच द्रव्याचा असतो, म्हणून पान न खाणारा माणूस धणे आनंदाने खातो.

दुसरी, घरात सून नवी आली आणि तिला तुमच्या स्वयंपाकातला एखादा वास सहन होत नसेल, तर "माहेरी काय अत्तरं हुंगत होतीस का?" असं म्हणू नका. तिच्या आईबापांनी तिला दुसरी कुलपं दिली आहेत. आणि सूनबाईंनीही सासूबाईंच्या सुकटीला नाक मुरडताना हे आठवावं.

तिसरी गोष्ट सुरक्षेची. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. पण वय वाढलं की नाक मंदावतं, आणि २०२० नंतर कोरोनाने कित्येकांचा वास गेला, काहींचा पुरता परतला नाही. तेव्हा घरातल्या एकाने "वास येतोय" म्हटलं आणि दुसऱ्याने "मला नाही येत" म्हटलं, तर ज्याला येतोय त्याचं ऐका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याचं बटण दाबू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अधूनमधून विचारा, "आजी, चहाचा वास येतो का?" येत नसेल तर डॉक्टरला दाखवा.

चौथी आणि शेवटची. आपल्यावर नाक मुरडणारे पुष्कळ झाले. पण आपणही कोणावर नाक मुरडतो का, हे आपल्याला तपासावं लागेल. वस्तीच्या पलीकडे भंगार वेचणारी मंडळी राहतात. पहाटे गटारात उतरणारा कामगार नळावर पाणी प्यायला येतो. परप्रांतातून आलेलं कुटुंब मोहरीच्या तेलात स्वयंपाक करतं. त्यांच्याविषयी आपल्या तोंडून "वास मारतो" असा शब्द निघतो का? निघत असेल, तर तेव्हा १९व्या गुणसूत्रावरचं ते लहानसं जनुक आठवा. दोन अक्षरांचा फरक! त्या दोन अक्षरांवर कोणाला शिवायचं आणि कोणाला नाही, हे ठरवायला गेलो तर आपल्याच पोटच्या मुलांत वाटणी करावी लागेल.

नाकाने फोडणी ओळखावी, गॅस ओळखावा, पहिल्या पावसाची माती ओळखावी. माणूस ओळखायला मात्र त्याच्याजवळ जाऊन बसावं लागतं, त्याच्याशी बोलावं लागतं.

 कोणाला प्रश्न विचारायचे असतील, विशेषतः मुलांना, तर त्यांनी कार्यक्रमानंतर जरूर विचारावेत. 

जयभीम! नमो बुद्धाय!